जेवणानंतर चालताना येणारं ‘पित्त’

पत्र: माझे मामंजी 61 वर्षांचे आहेत. निपाणीजवळच्या खेड्यात आमची शेती आहे. त्यांना नऊ वर्षांपासून शुगर आहे, बीपीला अ‍ॅम्लोडिपिन चालू आहे, आणि तंबाखू तर आयुष्यभराची. गेला महिनाभर रात्री जेवून मारुतीच्या देवळापर्यंत चालायला गेले की अर्ध्या वाटेत छातीच्या मधोमध जळजळतं, जड वाटतं. कधी खालची दाढही ठणकते. पारावर बसून दोन ढेकर दिले की पाच मिनिटांत बरं वाटतं. ‘पित्त उसळतंय’ म्हणतात. मेडिकलमधून पॅन्टोप्राझोल-डी आणून रोज घेतात, वर सोड्याची पुडी. गुडघे दुखतात म्हणून पेनकिलर असतेच. सहा महिन्यांपूर्वीचा ईसीजी नॉर्मल होता. जाऊबाई म्हणतात, पोट साफ नसलं की गॅस हृदयावर चढतो. पोटाचा आणि हृदयाचा खरंच संबंध असतो का? पोटाच्या कुठल्या डॉक्टरांना दाखवावं?
— एक वाचक, निपाणी तालुका

उत्तर: ताई, पोटाच्या डॉक्टरांकडे नंतर जाऊ. मामंजींना आधी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा, आणि पुढच्या आठवड्यात वगैरे नको, उद्याच दाखवा. तोपर्यंत जेवणानंतरचं चालणं बंद. ऊस, पाण्याचे पाट, पोती उचलणं, सगळं बंद. बसल्या जागी किंवा झोपेत असं दुखलं, किंवा रोजच्यापेक्षा लवकर आणि जास्त वेळ दुखायला लागलं, तर उद्याचीही वाट बघू नका.

पत्र न बघता कुणी नुसतं ‘छातीत जळजळतं’ म्हटलं असतं तर आम्हीही आधी आम्लपित्ताचाच विचार केला असता. पण तुम्ही नेमकं लिहिलंय: चालताना येतं, थांबलं की जातं. आम्लपित्ताला माणूस चालतोय की बसलाय याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. ते वाकल्यावर, आडवं झाल्यावर, पोट गच्च भरल्यावर घशाशी येतं, तोंडात आंबट-कडू पाणी आणतं आणि तासभर रेंगाळतं. श्रमाने सुरू होऊन विश्रांतीने पाचेक मिनिटांत ओसरणारी, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी जड जळजळ म्हणजे, तपासणीत उलट ठरेपर्यंत, अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने येणारी कळ. त्यात शुगर, बीपी, तंबाखू आणि वय. दुखणं महिनाभरातच सुरू झालंय, हेही काळजीचं. डॉक्टर नव्याने सुरू झालेल्या अंजायनाला जुन्या, स्थिर अंजायनापेक्षा जास्त गांभीर्याने घेतात.

आता त्या पारावर काय होतं ते बघू. जेवल्यावर आतड्यांकडे जास्त रक्त पाठवायला हृदयाला काम वाढवावं लागतं. त्यातच माणूस चालायला लागला की पायांचीही मागणी वाढते. हृदयाची स्वतःची रोहिणी अरुंद झाली असेल तर इतकं रक्त तिच्यातून पुरत नाही आणि छाती भरून येते. मामंजी बसतात, मागणी उतरते, दुखणं थांबतं. त्याच पाच मिनिटांत ढेकर येतो, पुडीही पोटात गेलेली असते, आणि सगळं श्रेय ढेकर घेऊन जातो. सकाळी उपाशीपोटी तेवढंच चालून त्रास झाला नाही, तरी ‘म्हणजे पोटाचंच आहे’ असं मुळीच समजू नका. जेवणानंतर लवकर दिसणारा अंजायना डॉक्टरांच्या ओळखीचा आहे.

फसगत होते कारण अन्ननलिका आणि हृदय, दोन्हीकडच्या वेदनेचे संदेश पाठीच्या कण्यातल्या जवळपास त्याच भागांत पोहोचतात. मेंदूला पत्ता नीट लागत नाही. शिवाय हृदयाची खालची बाजू छाती आणि पोटामधल्या पडद्यावर टेकलेली असते आणि पडद्याखाली लगेच जठर. या खालच्या बाजूला झटका आला की कित्येकांना छातीत काहीच नसतं. पोटाच्या वरच्या खळग्यात दुखतं, मळमळतं, उलटी होते, उचकी लागते. जुन्या शुगरवाल्यांच्या नसा बोथट झालेल्या असतात, त्यांना तेवढीही कळ येत नाही. नुसता दम लागतो, घाम फुटतो, गळून जायला होतं. बायकांमध्येही दुखणं असं आडवळणाने सांगितलं जातं, म्हणून सासूबाईंच्या ‘पित्ता’कडेही लक्ष असू द्या.

सोड्याने बरं वाटलं म्हणून हृदय निर्दोष ठरत नाही. उलटंही खरं: जिभेखाली ठेवायच्या सॉर्बिट्रेटने (रोहिण्या सैल करणारी हृदयाची गोळी) बरं वाटलं म्हणून हृदयच दोषी असंही नाही, कारण ती गोळी अन्ननलिकेचा पेटकाही सैल करते. घरी अशी परीक्षा घेऊ नका. सहा महिन्यांपूर्वीच्या नॉर्मल ईसीजीचंही तसंच. त्या कागदावर त्या दिवशीचे साधारण 10 सेकंद छापलेले असतात. त्या क्षणी त्रास नसेल तर रोहिणी बरीच अरुंद असूनही ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. उद्या नवा ईसीजी, टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) आणि रक्ततपासण्या होतील. पुढे डॉक्टर ठरवतील ते: पट्ट्यावर चालवून स्ट्रेस टेस्ट, सीटी अँजिओग्राफी किंवा थेट अँजिओग्राफी. रक्तात हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, लिपिड आणि तीन महिन्यांची शुगर नक्की बघून घ्या. हिमोग्लोबिन का, ते पुढे सांगतो.

जाऊबाईंच्या मुद्द्याकडे येऊ. गॅस हृदयावर चढत नाही. आतड्यातली हवा आतड्यातच फिरते, तिला छातीत जायला वाट नाही. पोट फुगलं की धडधड जाणवू शकते, एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो, पण त्याने रोहिणी बंद पडत नाही. झटका येतो तो रोहिणीच्या भिंतीत साचलेल्या चरबीचा थर फाटून त्यावर रक्ताची गुठळी झाल्यामुळे. असं असलं तरी पोट आणि हृदय यांचा संबंध आहेच, आणि तो जाऊबाईंना वाटतो त्याहून जास्त तुमच्या घरातल्या औषधांच्या डब्यात आहे.

पहिली ती गुडघ्याची गोळी. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, एसिक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या जठराच्या अस्तराचं संरक्षण काढून घेतात, त्यातून अल्सर होतो. लोक खर्ड्याला शिव्या घालतात, पण अल्सरची दोन मोठी कारणं म्हणजे एच. पायलोरी नावाचा जंतू आणि या गोळ्या. मिरचीने जळजळ होते, अल्सर होत नाही. अल्सरमधून थेंब-थेंब रक्त जात राहिलं की शौचाला डांबरासारखं काळं, चिकट होतं. कधी तेवढंही कळत नाही आणि हिमोग्लोबिन 8 वर येऊन ठेपतं. हिमोग्लोबिन उतरलं की तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त राबावं लागतं, आणि आजवर गप्प असलेला अंजायना बोलायला लागतो. म्हणून हिमोग्लोबिन. याच गोळ्या मीठ-पाणी अंगात अडवून बीपी वाढवतात आणि हृदयविकाराच्या झटक्याचा धोकाही वाढवतात. म्हणजे एक गोळी पोट आणि हृदय दोन्हीकडे घाव घालते, आणि ती मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय हातात पडते. आजपासून बंद. गुडघ्याला तूर्त पॅरासिटामॉल 500 ची एक गोळी, दिवसात तीनपेक्षा जास्त नाही, आणि लिव्हरचा आजार किंवा रोजची दारू असेल तर तीही डॉक्टरांना विचारूनच.

दुसरी पॅन्टोप्राझोल-डी. त्यातलं नुसतं पॅन्टोप्राझोल एकवेळ चालेल. काळजी आहे ती त्या ‘डी’ची. डी म्हणजे डॉम्पेरिडोन. आपल्याकडच्या ‘डीएसआर’ कॅप्सूलमध्ये बहुधा ते 30 मिलिग्रॅम असतं. हे औषध हृदयाच्या ठोक्यानंतर पुन्हा सज्ज होण्याचा वेळ लांबवतं. ईसीजीत त्याला क्यूटी म्हणतात. वय साठीच्या पुढे, हृदयाचा आजार, रक्तात पोटॅशियम किंवा मॅग्नेशियम कमी, किंवा सोबत क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक, यातलं काही असेल तर जीवघेण्या तालबिघाडाचा धोका वाढतो. युरोपच्या औषध नियामकाने 2014 मध्ये मोठ्यांसाठी त्यावर दिवसाला 30 मिलिग्रॅम आणि साधारण आठवडाभर अशी मर्यादा घातली, तीही मळमळ-उलटीसाठी. पित्तासाठी महिनोन्‌महिने घ्यायची ही गोळी नव्हेच. स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचा.

साधं पॅन्टोप्राझोल 40 डॉक्टरांनी ठेवलं तर ते सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी, रिकाम्या पोटी. बहुतेक घरांत ते जेवून झाल्यावर, जळजळ सुरू झाली की घेतलं जातं आणि मग ‘लागू पडत नाही’ म्हणून डबल होतं. ही गोळी जठराचे आम्ल सोडणारे पंप बंद करते. पंप जेवणाने जागे होतात, तेव्हा औषध आधीच रक्तात हवं. कोर्स 4 ते 8 आठवड्यांचा, मग फेरविचार. वर्षानुवर्षं घेतलं तर बी-12 आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. शुगरची मेटफॉर्मिन चालू असेल तर तीही बी-12 कमी करते, तेव्हा तेही तपासा. ‘पित्ताच्या गोळीने अटॅक येतो’ हे फॉरवर्ड तुमच्यापर्यंत आलं असेल. त्याला आधार म्हणून सांगितले जातात ते निरीक्षणाचे अभ्यास, त्यांतून गोळीमुळेच अटॅक आला हे ठरत नाही. कंपास नावाच्या मोठ्या चाचणीत 17,598 लोकांना पॅन्टोप्राझोल किंवा खोटी गोळी देऊन सुमारे तीन वर्षं पाहिलं. 2019 मध्ये निकाल आला: हृदयाच्या घटना वाढल्या नाहीत, पोटाचे जंतुसंसर्ग मात्र थोडे वाढले.

तिसरी सोड्याची पुडी. खाण्याच्या सोड्याच्या वजनात पाव हिस्स्याहून जास्त, म्हणजे 27 टक्के, सोडियम असतं. चमचाभर सोडा पोटात गेला की साधारण सव्वा ग्रॅम सोडियम गेलं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 2 ग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यायला सांगते. लोणचं, पापड, शेंगाचटणी यांचं मीठ वेगळंच. बीपीची गोळी एका हाताने द्यायची आणि पुडी दुसऱ्या हाताने, असा हा कारभार.

अ‍ॅम्लोडिपिनबद्दलही एक बारीक गोष्ट. या जातीची बीपीची औषधं आणि सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेट्स अन्ननलिकेच्या खालची झडप थोडी सैल करतात, त्यामुळे आम्ल वर यायला सोपं जातं. म्हणून मनाने गोळी बंद करू नका, फक्त डॉक्टरांच्या कानावर घाला. हृदयाचा आजार निघाला आणि क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणारं औषध) सुरू झालं, तर पित्तासाठी ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल नको, कारण ती क्लोपिडोग्रेल पुरतं कामाला लागू देत नाहीत. पॅन्टोप्राझोलचा त्रास कमी. स्टेंट बसली आणि पुढे ‘रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी पित्त होतंय’ म्हणून परस्पर बंद केल्या, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. पित्त होतंय तर पित्तावर उपाय करायचा, त्या गोळ्यांना हात लावायचा नाही.

आतड्यातल्या जंतूंबद्दल हल्ली खूप लिहिलं जातं, त्यातलं कामाचं थोडक्यात. मटणातलं कार्निटिन आणि अंड्यातलं कोलीन काही जंतू खातात, त्यातून तयार झालेल्या पदार्थाचं लिव्हर टीएमएओ नावाचं रसायन करतं. 2011 पासून क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी त्याचा रोहिण्यांच्या आजाराशी संबंध दाखवला आहे. तो कारण आहे की नुसती खूण, यावर वाद चालू आहे. त्याची रक्ततपासणी करायला पैसे घालवू नका. रविवारचा रस्सा महिन्यातून दोनदा करा आणि वाटीत वरची तर्री घेऊ नका, एवढं पुरे.

चोथ्याबद्दल मात्र शंका नाही, आणि तो तुमच्या चुलीवरच आहे. 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम चोथा, पांढऱ्या तांदळात 3 ग्रॅमहून कमी. 60 ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे 6 ग्रॅम. दोन भाकरी, वाटीभर हुलग्याची किंवा मटकीची उसळ आणि एक पालेभाजी झाली की दिवसाच्या किमान 25 ग्रॅमच्या बरेच जवळ पोचता. चोथ्यातला पाण्यात विरघळणारा भाग आतड्यात पित्तरस धरून बाहेर नेतो. नवा पित्तरस करायला लिव्हर रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलतं, म्हणून वाईट कोलेस्टेरॉल उतरतं. उरलेला चोथा जंतू आंबवतात, त्यातून आतड्याच्या अस्तराला पोसणारी आम्लं बनतात. इसबगोल रोज 10 ग्रॅम घेतलं तर एलडीएल, म्हणजे हे वाईट कोलेस्टेरॉल, साधारण 10 ते 13 मिलिग्रॅमने उतरतं. स्टॅटिनची गोळी ते 30 ते 50 टक्के उतरवते, तेव्हा इसबगोल हा जोड आहे, बदली नव्हे.

इसबगोल घेताना चूक होते ती पाण्याची. दोन घोट पाण्यात घेतलं की ते फुगून गळ्यात अडकतं किंवा बद्धकोष्ठ वाढवतं. चमचाभर इसबगोल मोठ्या पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, वर आणखी अर्धा पेला. इतर गोळ्यांपासून दोन तास लांब. चोथाही तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवा. एकदम वाढवला की पोट फुगतं, आणि मग घरात पुन्हा ‘गॅस’चा विषय. हृदय कमजोर म्हणून डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल तर इसबगोलऐवजी लॅक्टुलोजसारखं औषध विचारा.

‘पोट साफ’ची एवढी काळजी एका बाबतीत रास्त आहे. शौचाला श्वास रोखून कुंथलं की बीपी आधी चढतं, मग एकदम पडतं. आजारी हृदयाला ते सोसत नाही. जोर करायचा नाही आणि पायखान्याची कडी आतून लावायची नाही.

आम्लपित्त खरंच असेल, आणि हृदयाच्या जोडीला ते असू शकतं, तर रात्रीचं जेवण साडेसातला आणि झोप त्यानंतर तीन तासांनी. कॉटच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घालून 15 ते 20 सेंटिमीटर उंच करा. उशीवर उशी रचली तर मान मोडते, पोट दाबलं जातं, आम्ल वरच येतं. डाव्या कुशीवर झोपावं. आणि तंबाखू. निपाणीत तंबाखूवर बोलणं म्हणजे भलतंच धाडस, पण दाढेखालचा विडा झडप सैल करतो, ठोके आणि बीपी वाढवतो, रोहिण्या आवळतो. ‘विडी तर ओढत नाही’ ही सबब हृदयाला चालत नाही. सोडायला मदत हवी तर 1800-11-2356 हा राष्ट्रीय क्विटलाइनचा मोफत क्रमांक आहे.

उद्यापर्यंतच काही झालं तर काय करायचं ते घरात सगळ्यांना सांगून ठेवा. छातीत, वरच्या पोटात, जबड्यात दुखणं बसूनही 10-15 मिनिटांत गेलं नाही, किंवा सोबत घाम, उलटी, दम असला, तर 108 ला फोन. पलीकडून कन्नड आलं तर ‘एदे नोवु’ म्हणा, म्हणजे छातीत दुखतंय. घाम असेल तर ‘बेवरु’ हा शब्द. ‘होट्टे नोवु’ म्हणू नका, म्हणजे पोटदुखी, आणि दवाखान्याच्या दारातही मराठीत ‘पित्त’ हा शब्द उच्चारू नका. छातीत दुखतंय म्हटलं की 10 मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. पित्त म्हटलं की बाकड्यावर बसवून इंजेक्शन मिळतं. अ‍ॅलर्जी नसेल, काळी शौच किंवा रक्ताची उलटी नसेल, तर अ‍ॅस्पिरिन 300 मिलिग्रॅम, म्हणजे 75 च्या चार गोळ्या, चावून खायला द्या, गिळायला नको. शेजाऱ्याच्या डब्यातली सॉर्बिट्रेट नको, बीपी धाडकन पडतं. मोटरसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका, गाडीपर्यंत चालवूही नका.

कुठे न्यायचं? निपाणीहून कोल्हापूर सुमारे 40 किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. पण आधी जवळात जवळ जिथे ईसीजी निघतो तिथे. कर्नाटकाच्या पुनीत राजकुमार हृदयज्योती योजनेत तालुका रुग्णालयातून ईसीजी मोठ्या केंद्रातल्या तज्ज्ञांना पाठवतात आणि गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेझ इंजेक्शन मोफत देतात. तुमच्या जवळच्या रुग्णालयात ही सोय रात्रीही आहे का, हे आजच कुणाला तरी पाठवून विचारा. पहिला ईसीजी आणि पहिला ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की रक्तात चढणारं प्रथिन) नॉर्मल आला म्हणून लगेच घरी परतू नका. ट्रोपोनिन चढायला काही तास लागतात, म्हणून दोन्ही पुन्हा करायला सांगा. आयुष्मान कार्ड सीमेपलीकडच्या कुठल्या रुग्णालयात चालतं, हेही आधीच फोन करून ठेवायचं काम आहे.

उद्या निघताना जुना ईसीजी घ्या, आणि डब्यातल्या सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत भरा: शुगरच्या, बीपीच्या, ती डी असलेली, सोड्याच्या पुडीचं रिकामं पाकीट. गुडघ्याची गोळी मामंजी बहुधा बंडीच्या खिशात ठेवत असतील, तीही.